कोपऱ्यावरचं मेडिकल एका रात्रीत बंद झालं, तर

पत्र असं आहे:

"आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. शुगरसाठी सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट इन्सुलिन पेननं घेतात (लवकर आणि हळू चालणाऱ्या इन्सुलिनचं ३०/७० चं मिश्रण), शिवाय फिटच्या गोळ्या दोन वेळा. अनेक वर्षं कोपऱ्यावरच्या एकाच मेडिकलमधून औषध यायचं. मागच्या सोमवारी शटर खाली आणि त्यावर कागद: 'दुकान कायमचे बंद. सहकार्याबद्दल आभार.' मालकांचा फोन बंद येतो. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याकडेच राहिली, पुढच्या महिन्याच्या इन्सुलिनचे २,४०० रुपये आधीच दिले होते. घरात फक्त पेनमधलं चालू कार्ट्रिज (औषधाची नळी) आहे, चार दिवस पुरेल. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज देऊ केली आहे. ती वापरू का? आणि मुख्य प्रश्न: असं न सांगता मेडिकल बंद करता येतं का? आधी कळवायचा काही कायदा नाही का? – एक सून"

ताई, आधी काकूंच्या बाटलीचं बघू, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

ती बाटली आणि सिरिंज डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीत बहुधा १ मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १ मिलिलिटरला १००. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज असेल तर १८ युनिट म्हणजे १८ युनिटच. पण कोणी ४० ची सिरिंज घेऊन पेनच्या कार्ट्रिजमधून औषध ओढलं, तर १८ च्या खुणेवर प्रत्यक्षात ४५ युनिट शरीरात जातात, अडीच पट. एकाहत्तर वर्षांच्या बाईची शुगर त्यानं धाडकन खाली येईल. उलट चुकीत शुगर चढत जाते आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय काकूंचं इन्सुलिन ३०/७० आहे की नुसतं साधं, उघडून किती दिवस झाले, मेच्या उन्हात कुठे ठेवलं होतं, हे तुम्हाला माहीत नाही. नवीन दुकानातही "कार्ट्रिज नाही, बाटली चालेल का?" असं विचारतील. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, डॉक्टरांनी द्यायचं. कार्ट्रिज घेतानाही कंपनी तीच हवी, कारण एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये नीट बसत नाही.

चार दिवस आहेत, म्हणजे वेळ आहे. उद्या डॉक्टरांकडे जा, चिठ्ठी नव्यानं लिहून घ्या. दवाखाना बंद असेल तर फोन करा. नेहमीच्या पेशंटला डॉक्टर फोनवरून किंवा व्हिडिओवर बोलून चिठ्ठी देऊ शकतात, मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. चिठ्ठीवर मात्र डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही हवी.

नवीन चिठ्ठी घेताना एवढं बघून घ्या. औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवर पेशंटचं नाव-पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि घ्यायची पद्धत लिहिलेली असावी. आपल्याकडे बहुतेक चिठ्ठ्यांवर मात्रा नसते, आणि नवीन दुकानदार तिथेच अडतो. त्याच नियमात असंही आहे की चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. ओळखीचा मेडिकलवाला वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर देत राहतो, ते तुमच्या ओळखीवर. नवीन दुकानात ती ओळख चालत नाही आणि तो नाही म्हणाला तर त्याचं चुकत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "तीन महिने, दर महिन्याला एकदा, असं लिहून द्या." दुसरी गोष्ट, ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. चिठ्ठीवर एक ब्रँड असेल तर त्याऐवजी दुसरा देण्याची दुकानदाराला नियमानं परवानगी नाही, आतलं औषध तेच असलं तरी. मूळ नाव लिहिलेलं असलं की जनऔषधी केंद्रातूनही औषध घेता येतं.

फिटच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र ब्रँड शक्यतो बदलू नका. बदलावाच लागला तर आधी डॉक्टरांना सांगा. मिरगीच्या काही औषधांत रक्तातल्या पातळीचा थोडा फरकही झटका आणू शकतो. आणि गोळी मिळाली नाही म्हणून एकदम बंद करू नका. ही गोळी अचानक थांबली की झटके उलटून येतात. औषध मिळतच नसेल आणि घरातलं संपत आलं असेल, तर शेवटच्या गोळीची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयोच्या आकस्मिक विभागात जा. (मेडिकल म्हणजे इथे मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय, मेयो हे नागपूरचं दुसरं सरकारी रुग्णालय. या उत्तरात बाकी सगळीकडे मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान.)

गांधीबागेतल्या दवाबाजारात जाऊन यावं, असं कोणी सुचवेल. तिथले बहुतेक व्यापारी घाऊक परवान्याचे आहेत, त्यांनी पेशंटला थेट औषध विकायचं नसतं. कुणी दिलंच तर पक्कं बिल मिळणार नाही, आणि बिलाशिवाय इन्सुलिन घेणं म्हणजे ते कुठे, किती तापमानात पडून होतं याचा काहीच पुरावा नसणं. मोठ्या रुग्णालयांजवळच्या रात्रभर उघड्या दुकानांत कार्ट्रिज मिळण्याची शक्यता जास्त. आधी फोन करून विचारा.

आता कायद्याकडे येऊ.

मेडिकल बंद करण्याआधी गिऱ्हाइकांना कळवलंच पाहिजे, अशी अट आपल्याकडे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे औषध नियम १९४५ चे. किरकोळ दुकानाला नमुना २० आणि २१ चे परवाने लागतात. त्या परवान्यांत बारीक बारीक अटी आहेत: परवाना दर्शनी भागात लावा, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध द्या, भागीदारी बदलली तर लेखी कळवा, आणि नवा परवाना मिळेपर्यंत जुना जास्तीत जास्त तीन महिनेच चालेल. पण हे सगळं दुकान आणि सरकार यांच्यातलं. पेशंटला "अमुक तारखेला बंद करतोय" हे सांगायचं कलम त्यात नाही. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, पण त्यातलं कळवणंही बंद केल्यानंतरचं, आणि तेही सरकारला.

आता याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून बघा. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ नुसार, किंमत नियंत्रणाखालचं एखादं औषध कंपनीला बनवणं थांबवायचं असेल तर निदान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकारला कळवावं लागतं. सरकारला गरज वाटली तर ठरल्या तारखेनंतर एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगता येतं. म्हणजे औषध अचानक गायब झालं तर पेशंट अडचणीत येतो, हे आपल्या कायद्याला समजलेलं आहे. फक्त ते कारखान्याच्या दारापाशी थांबलं. मानेवाड्यातल्या बाईला गोळी कारखान्यातून मिळत नाही, कोपऱ्यावरून मिळते. आमच्या मते ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढण्यासारखी आहे.

दुसरीकडे हे कसं करतात, तेही थोडक्यात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दुकान बंद करण्याआधी किमान १४ दिवस फलक लावावा लागतो, औषध देण्याच्या काउंटरसमोर आणि लोक येतात त्या प्रत्येक दारावर. त्यावर दोन गोष्टी हव्यात: बंद होण्याची तारीख, आणि जुन्या चिठ्ठ्या व पेशंटच्या नोंदी कोणत्या दुकानाकडे जाणार त्याचं नाव, पत्ता, फोन. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. नुसती तारीख कळली तर तुम्ही दुकान शोधत फिरता, नोंदी कुठे गेल्या हे कळलं तर औषध चुकत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या यादीतून बाहेर पडणाऱ्या दुकानाला त्या सेवेला साधारण तीन महिने आधी कळवावं लागतं, म्हणजे त्या भागाची सोय लावायला वेळ मिळतो. तुमच्या शटरवरच्या कागदात तारीख नव्हती, पुढचा पत्ता नव्हता. होतं ते आभार.

आगाऊ सूचनेचा हक्क नसला तरी नोंदींचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टनं पेशंटच्या औषधांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून पाच वर्षं ठेवायच्या असतात. पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितल्या तर पोच द्यायची आणि ७२ तासांत नोंदी द्यायच्या. दुकान बंद झालं म्हणून फार्मासिस्टची ही जबाबदारी संपत नाही. प्रत्यक्षात वही नसली तरी बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या नावानं किंवा मोबाइल नंबरनं सगळी जुनी बिलं निघतात, पाच मिनिटांचं काम असतं. काय मागायचं, ते असं लिहा:

"माझ्या सासूबाई श्रीमती ……, वय ७१, राहणार ……, यांना आपल्या दुकानातून गेल्या १२ महिन्यांत दिलेल्या सर्व औषधांची नावं, मात्रा आणि बिलांच्या प्रती द्याव्यात. आपल्याकडे राहिलेली डॉ. …… यांची मूळ चिठ्ठी परत करावी. दि. …… रोजी आगाऊ दिलेले २,४०० रुपये १५ दिवसांत परत करावेत. फार्मसी व्यवसाय विनियम २०१५ नुसार नोंदी ७२ तासांत अपेक्षित आहेत."

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा. परत आलं तरी पाकीट फोडू नका, पाठवल्याचा तोच पुरावा आहे. एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर विभागातल्या सहआयुक्त (औषधे) यांना हातानं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सोबत जुन्या बिलाची झेरॉक्स जोडा. बिलाच्या डोक्यावर परवाना क्रमांक छापलेले असतात. त्यावरून कार्यालयाला मालकाचा पत्ता आणि फार्मासिस्टचं नाव लगेच सापडतं, नुसत्या दुकानाच्या नावावरून वेळ लागतो. जुनं एकही बिल घरात नसेल तर औषधाच्या डब्यात, पाकिटाच्या आत, चष्म्याच्या घरात बघा. कुठेतरी दुमडलेलं निघतंच. प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, पण फोनवरची तक्रार आणि शिक्का मारलेली तक्रार यांत फरक पडतो.

त्याच भेटीत औषध निरीक्षकांना एक साधा प्रश्न विचारा: या दुकानानं परवाना परत केला आहे, की परवाना निलंबित झाला आहे? शटरवर "कायमचे बंद" लिहिलं म्हणून तसंच असेल असं नाही. फार्मासिस्ट सोडून गेला की दुकानाला औषध देताच येत नाही. तपासणीत फार्मासिस्ट हजर नव्हता, खरेदीची बिलं सापडली नाहीत, वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची वही अपुरी होती, अशा कारणांनी काही दिवसांचं निलंबनही होतं. निलंबन असेल तर मालकाला तीन महिन्यांत सरकारकडे अपील करता येतं, दुकान पुन्हा उघडू शकतं आणि तुमचे पैसे व नोंदी तिथेच मिळू शकतात. मालकाचं आजारपण किंवा जागेचा वाद असेल तर तो माणूस नागपुरातच असतो आणि शेजारच्या किराणावाल्याला सहसा माहीत असतो. कार्यालयात तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

एक सावधगिरी. दुकान बंद झाल्यावर कोणी "शिल्लक माल आहे, अर्ध्या किमतीत घेऊन जा" म्हणालं तर घेऊ नका. परवाना परत केल्यावर औषध विकणं हाच गुन्हा आहे. उरलेला साठा परवाना असलेल्या दुसऱ्या दुकानाकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडेच जायला हवा. आणि बंद दुकानाच्या फ्रिजची वीज कधी तोडली होती हे कोण सांगणार?

२,४०० रुपयांचं थोडक्यात सांगतो. यूपीआयनं दिले असतील तर स्क्रीनशॉट, रोख असतील तर दुकानाच्या पॅडवरची पावती किंवा व्हॉट्सअॅपवरचा संदेश जपून ठेवा. १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही नाही आले तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. एवढ्या रकमेसाठी जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यापुढे औषधाचे पैसे आगाऊ देऊ नका, ओळख कितीही जुनी असो.

पुढच्या वेळी कोणी सांगो न सांगो, घरात अडायला नको. त्यासाठी हिशेब करून ठेवा. सासूबाईंचे दिवसाचे ३० युनिट. दर वेळी टोचण्याआधी सुईतून २ युनिट सोडून बघायचे असतात, ते ४. म्हणजे दिवसाला ३४. कार्ट्रिज ३ मिलिलिटरचं, म्हणजे ३०० युनिटचं. ते पावणेनऊ दिवस जातं, महिन्याला चार लागतात. बरेच जण हे सुईतले युनिट मोजत नाहीत आणि "महिनाभराचं आणलं होतं, कसं संपलं?" म्हणून गोंधळतात. तुम्ही असं ठरवा: न उघडलेली दोनच कार्ट्रिज उरली की खरेदी, म्हणजे १५ दिवस हातात राहतात. फिटच्या गोळ्यांचंही तसंच, दिवसाला दोन तर ३० गोळ्या उरल्या की आणायच्या. त्याहून जास्त साठवू नका. मुदत संपते, आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली की वाया जातं.

साठा करायचा म्हणजे नागपूरच्या उन्हाशी गाठ आहे. न उघडलेलं कार्ट्रिज २ ते ८ अंशांत राहायला हवं, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात. बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसतं, पण ते टाकूनच द्यायचं. चालू पेनला बहुतेक कंपन्या ३० अंशांपर्यंत आणि साधारण चार आठवडे सांगतात, तुमच्या पाकिटातला कागद बघा. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना कूलरच्या खोलीतही ३० राहत नाही, तेव्हा पेन मातीच्या ओल्या मडक्यात डबीत घालून ठेवता येतं. मानेवाड्याहून लांबच्या दुकानात जायचं झालं तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा. इन्सुलिन स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. थर्मासमध्ये बर्फाचं पाकीट टॉवेलात गुंडाळून, त्याला कार्ट्रिज न टेकवता आणा. ३०/७० चं औषध हातात फिरवल्यावर सारखं दुधाळ दिसायला हवं. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला कण चिकटले तर ते वापरू नका, बिल घेऊन परत जा.

नवीन मेडिकल ठरवताना घराजवळचं एक आणि मोठ्या रुग्णालयाजवळचं एक, अशी दोन धरा. पहिल्याच भेटीत परवाना भिंतीवर आहे का, फार्मासिस्ट हजर आहे का आणि इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, एवढं बघा. थर्मामीटर नसेल तर इन्सुलिन तिथून घेऊ नका. मूळ चिठ्ठी दुकानात ठेवू नका, मोबाइलमध्ये फोटो आणि हातात मूळ कागद. दर महिन्याचं बिल नावासह घ्या आणि एका फाइलीत लावा. ही फाइल असली की दुसऱ्या दुकानात पाच मिनिटांत काम होतं.

आगाऊ सूचनेचा नियम हवा असेल तर तो औषध नियमांत यावा लागेल, आणि ते नियम केंद्र सरकार करतं. म्हणून निवेदन केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लिहा, प्रत तुमच्या खासदारांना आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला द्या. मागणी दोन ओळींची ठेवा: किरकोळ परवान्याच्या अटींत बंद करण्याआधी १४ दिवसांचा फलक, आणि त्या फलकावर नोंदी कुणाकडे जाणार त्याचा पत्ता. तुमच्या शटरवरच्या कागदाचा फोटो निवेदनाला जोडा. तो काढला नसेल तर कागद फाटायच्या आत आजच काढून घ्या.